फुलांचं मोठं झाड लावायचंय? खड्ड्यापासून पहिल्या घोसापर्यंत

एप्रिल उजाडला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बहाव्याचे फोटो यायला लागतात. कुणी सिग्नलला थांबून काढलेला, कुणी रिक्षातून मान बाहेर काढून काढलेला. प्रत्येक फोटोखाली तोच प्रश्न असतो, "आपल्याकडे का नाही लावत हे?" मग जूनमध्ये रोपं येतात, खड्डे खणले जातात, हातात फावडं घेऊन सगळ्यांचे फोटो निघतात. पुढच्या मे महिन्यात त्यातली निम्मी रोपं काड्या होऊन उभी असतात.

मीही हे सगळं करून बसलेय. माझं माहेर चिपळूणजवळ, जांभ्याच्या जमिनीवर. राहते पुण्याच्या कडेला, बिल्डरने मुरमाचं टेकाड कापून बांधलेल्या सोसायटीत. दोन्ही ठिकाणी मिळून गेल्या पंधराएक वर्षांत जी झाडं जगवली आणि जी मारली, त्यांच्या जोरावर हे लिहितेय. जी मेली त्यांच्याबाबतीत माझी चूक बहुतेक वेळा एकच होती. मी झाड फुलांच्या फोटोवरून निवडलं होतं. बहावा फुलतो फार तर महिनाभर. उरलेले अकरा महिने तुमच्याकडे मुळं असतात, फांद्या असतात, पानगळ असते, काठीएवढ्या शेंगा असतात. निवड त्या अकरा महिन्यांकडे बघून करावी.

आधी जागा

जिथे झाड लावायचं तिथे दुपारी बाराच्या सुमाराला जाऊन उभे राहा आणि आधी वर बघा. विजेची किंवा केबलची तार डोक्यावर असेल तर मोठं झाड तिथे नको. दहा वर्षांनी वायरमन येऊन मधोमध व्ही आकारात कापून जाईल आणि झाड जन्मभर तसंच राहील. मग खाली बघा. ड्रेनेजची लाइन, पाण्याची भूमिगत टाकी, बोअरची पाइप कुठून जाते ते जुन्या माळ्याला किंवा प्लंबरला विचारा. नकाशावर भरवसा ठेवू नका. आमच्या नकाशात ड्रेनेज पूर्वेला होतं, पहार लागली तेव्हा ते पश्चिमेला निघालं.

भिंतीपासून अंतराचा माझा हिशोब साधा आहे. काटेसावर, गुलमोहर, सोनमोहर अशी मोठी झाडं २० ते २५ फूट लांब. बहावा, ताम्हण, नीलमोहर १२ ते १५ फूट. कांचन, पारिजातक, चाफा ६ ते ८ फूट. दोन झाडांमध्येही साधारण एवढंच अंतर, मोठ्यांमध्ये थोडं जास्त. लावताना ते हास्यास्पद वाटतं. दोन फुटी काडी, आणि तिच्याभोवती एवढं रिकामं मैदान! पण जवळजवळ लावलेली झाडं उजेडासाठी भांडत उंच आणि बारीक होत जातात, आणि फुलं येतात ती तिसऱ्या मजल्यावरच्यांना दिसतात.

ऊन मोजा. या झाडांना बहुतेक सगळ्यांना दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. अपवाद म्हणजे सीतेचा अशोक. लहानपणी त्याला सावलीच मानवते.

तिसरी गोष्ट निचरा. दीड-दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन बघा. पाणी अजून उभं असेल तर पावसाळ्यात रोपाची मुळं कुजणार. काळ्या जमिनीत हे हमखास होतं. तिथे खड्ड्यात लावण्याऐवजी फूटभर उंच, पसरट उंचवटा करून त्यावर लावावं. मुरमात उलटं होतं, पाणी तासाभरात नाहीसं होतं. तिथे निचऱ्याची चिंता नाही, पण उन्हाळ्याची आहे.

कुठल्या जागेला कोणतं झाड

बहावा कोरड्या, दगडाळ, हलक्या जमिनीतही तग धरतो. शहरात तीसेक फुटांच्या पुढे क्वचित जातो आणि मुळांनी फारसा त्रास देत नाही. पुणे, नगर, सोलापूर, मराठवाडा इथे कुणी मला एकच झाड विचारलं तर मी बहावाच सांगते. त्याच्या दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. पहिली कासवगती, दुसरी शेंगा. हात-दीड हात लांबीच्या काळ्या शेंगा वर्षभर लटकत राहतात आणि वाऱ्यात एकमेकींवर आपटतात. त्यातला काळा गर रेचक असतो, म्हणून लहान मुलांनी चाखू नये.

ताम्हण हे आपलं राज्यफूल. एप्रिलअखेर ते जूनपर्यंत जांभळे तुरे येतात, पाकळ्या चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या. कोकणात हे झाड वहाळाच्या काठाने आपसूक वाढलेलं असतं, यातच त्याची आवड कळते. त्याला पाणी लागतं. माहेरी विहिरीच्या ओसंडणीजवळ लावलेल्या ताम्हणाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, तरी ते दणकट झालं. इथे मुरमात त्याच वयाचं ताम्हण त्याच्या कमरेपर्यंतही पोचलेलं नाही. लातूर-बीडकडे लावायचंच असेल तर हौदाच्या, नळाच्या, सांडपाण्याच्या वाटेवर लावा.

गुलमोहराबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. मादागास्करहून आलेलं हे झाड दिसायला राजस आहे. साताऱ्यात १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा होतो, तेही कौतुकाचंच. पण त्याची मुळं उथळ पसरतात, फरशी उचलतात, लाकूड ठिसूळ असतं आणि छत्री उंचीपेक्षा रुंद होते. मे महिन्यातल्या वळवात आमच्या आधीच्या सोसायटीतला गुलमोहर दोन दुचाकींवर आडवा झाला. सुदैवाने माणूस खाली नव्हता. मोकळं मैदान, शेताचा बांध, शाळेचं पटांगण, तिथे जरूर लावा. पार्किंगजवळ नको. सोनमोहराचंही थोडंफार असंच, मात्र फांद्या जरा बऱ्या. बुचाच्या फुलांचा वास अनेकांना शाळेच्या दिवसांत घेऊन जातो, मलाही. तरी त्याच्या फांद्या काडकन मोडतात आणि मुळांतून जागोजागी फुटवे येत राहतात. कैलासपतीला खोडावरच फुलं येतात आणि नंतर तोफगोळ्यांसारखी फळं. त्याच्याखाली बाक ठेवणाऱ्याची मला कमाल वाटते.

नीलमोहर पुण्याच्या कोरड्या हवेत छान फुलतो, समुद्राजवळच्या दमट हवेत तसा रंग धरत नाही. मुंबईत हौस भागवायची तर गुलाबी टॅबेबुया आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर विक्रोळीजवळ त्याची रांग ज्यांनी पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको.

पळस, पांगारा आणि काटेसावर ही आपली रानातली मंडळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगावर पान नसताना फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्ष्यांची झुंबड उडते. पण काटेसावर उंच आणि अवाढव्य होते, खोडावर शंकूसारखे काटे असतात. तिची मांसल फुलं फूटपाथवर पडून चिखल होतो आणि माणसं घसरतात. ती गायरानात, टेकडीवर, शेताच्या कोपऱ्यात शोभते. पळस अतिशय हळू वाढतो आणि त्याला लावल्या जागेवरून हलवलेलं अजिबात चालत नाही, म्हणून बीच जागेवर पेरावं. पांगाऱ्याच्या पानांवर गेल्या वीसेक वर्षांत बारीक गांधीलमाशीमुळे गाठी येतात आणि पाला वेडावाकडा होतो. नवीन लावणार असाल तर आधी आसपासचा पांगारा बघून या.

ज्यांच्याकडे बंगल्यापुढे दहा-पंधरा फुटांची पट्टी आहे, त्यांनी वरची सगळी नावं विसरून कांचन, पारिजातक, देवचाफा यांतून निवडावं. कांचन दोन-तीन वर्षांत फुलतो. एक जात ऑक्टोबर ते डिसेंबर, दुसरी फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे दोन्ही लावलेत तर अर्धं वर्ष सुटलं. पारिजातक श्रावणापासून सडा घालतो. सोनचाफा हवा असेल तर कलमी घ्या, बियांपासूनचा फुलायला फार वर्षं घेतो आणि पुष्कळ उंच होतो.

सातविणीबद्दल एक वाक्य तरी लिहायलाच हवं. सदाहरित, पटकन वाढणारी, गुरं खात नाहीत म्हणून ती शहरात रस्तोरस्ती लावली गेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिचा वास इतका भरतो, की ज्यांच्या बेडरूमच्या खिडकीशी ती आहे ते खिडकी लावून झोपतात.

रोप विकत घेताना

सरकारी वनविभागाची रोपवाटिका असो की खासगी नर्सरी, तिथे सगळे उंच रोपाकडे धावतात. "ताई, हे दहा फुटी घ्या, दोन वर्षांत फुलं," असं मला सांगण्यात आलं आणि मी ऐकलं. त्या दहा फुटी बहाव्याशेजारीच मी घरी केलेलं दोन फुटी रोप लावलं होतं. तिसऱ्या वर्षी धाकट्याने मोठ्याला गाठलं. नंतर मोठा वठला. उपटून पाहिलं तर मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरलेली, चकलीच्या सोऱ्यातून निघाल्यासारखी. पिशवीबाहेर त्यांनी पाय टाकलाच नव्हता.

म्हणून दीड ते चार फुटांचं, बोटाएवढ्या जाडीचं, सरळ शेंड्याचं रोप घ्यावं. पिशवीच्या तळाला हात फिरवा. जाड मूळ भोक पाडून जमिनीत गेलेलं असेल तर ते उचलताना तुटणार, असं रोप ठेवून द्या. खोड बुडाशी धरून हलकेच हलवा. रोप पिशवीतल्या मातीत डुगडुगलं तर मुळं धरलेली नाहीत. पानं पिवळी असली तरी मी एकवेळ घेते, पण शेंडा मोडलेला घेत नाही.

नावाचीही खात्री करा. "अशोक" मागितला की सरळसोट हिरवा खांब हातात पडतो, त्याला नारिंगी फुलांचे गुच्छ कधीच येत नाहीत. सीतेचा अशोक वेगळा, त्याची कोवळी पानं तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी असतात. "ताम्हण" म्हणून मला एकदा बागेतलं झुडूपवजा चिनी मेंदीचं रोप दिलं गेलं. ते तिथेच ओळखायचं तर पानावर बघा. ताम्हणाचं पान हातभर नसलं तरी तळव्याएवढं लांब असतं, चिनी मेंदीचं इंच-दोन इंच.

बियांपासून करायचं असेल तर

यात खर्च शून्य आणि मजा भरपूर आहे. बहाव्याचं सांगते, कारण लोक इथेच हरतात.

मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली पूर्ण काळी, वाळलेली, खुळखुळणारी शेंग मिळते. बारीक भोकं असलेली घेऊ नका, आत किडा जेवून गेलेला असतो. शेंग फरशीवर ठेवून वरवंट्याने हलकेच ठेचली की आत नाण्यांच्या चळतीसारखे पडदे दिसतात. दोन पडद्यांच्या मध्ये एकेक चपटी, चकचकीत तपकिरी बी आणि भोवती चिकट काळा गर. वासाला उग्र, हाताला डिंकासारखा. बिया वाळूत चोळून धुतल्या की सुटतात.

आता या बिया अशाच मातीत टाकल्या तर महिनोन् महिने तशाच पडून राहतील. कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरत नाही. पाणी उकळून गॅस बंद करा, वाफ जराशी ओसरू द्या, त्यात बिया टाका आणि रात्रभर तशाच ठेवा. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या असतात, त्या लगेच पेरा. ज्या तशाच राहिल्या त्यांना नेलकटरने कडेला बारीकशी चिमटी द्या, आतला पांढुरका भाग जेमतेम दिसेल एवढीच, आणि पुन्हा साध्या पाण्यात भिजवा. बीला एक बारीक डोळा असतो, कोंब तिथून येतो. चिमटी त्याच्या विरुद्ध टोकाला. माझ्याकडे या पद्धतीने दहातल्या सात-आठ उगवतात. गुलमोहराच्या बियांनाही हाच उपाय.

माती, वाळू आणि चाळलेलं शेणखत सारख्या प्रमाणात घेऊन पिशव्या भरा. दुधाच्या पिशव्या चालतात, तळाला भोकं पाडायची. बी अर्धा इंच खोल. एक ते तीन आठवड्यांत वर येतं. एका पिशवीत दोन आली तर दुबळं कात्रीने कापा, उपटू नका, शेजाऱ्याची मुळं दुखावतात.

ताम्हणाच्या बिया पंखवाल्या आणि हलक्या असतात. हिवाळ्यात बोंडं तडकायच्या आत काढावी लागतात, पेरायच्या वरवर, आणि बऱ्याचशा पोकळच निघतात, म्हणून मूठभर पेरा. पळस, काटेसावर, सीतेचा अशोक यांच्या बिया साठवून ठेवू नका, ताज्याच पेरा.

देवचाफ्याला बी नकोच. उन्हाळ्यात जून फांदीचा हात-सव्वा हात तुकडा घ्या, पानं काढा, चीक पुसून टाका (डोळ्यांत जाऊ देऊ नका) आणि तुकडा आठ-दहा दिवस सावलीत नुसता पडू द्या. कापलेलं तोंड वाळून बंद झालं की वाळूमिश्रित मातीत खोचा आणि पाण्याचा मोह आवरा. पांढऱ्या चाफ्याची काडी मेली तर दहातल्या नऊ वेळा ती पाण्याने कुजलेली असते. पांगाराही असाच फांदीने लागतो. मनगटाएवढ्या जाडीचा खुंटा मे महिन्यात पुरायचा, कोकणात कुंपणाला असेच लावतात.

खड्डा उन्हाळ्यातच

पाऊस पडल्यावर खड्डे खणायला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर दुप्पट मागतात. एप्रिल-मेमध्ये खणा. चांगल्या मातीत २ फूट लांब, रुंद, खोल पुरतो. मुरूम किंवा जांभा असेल तर ३ फूट, कारण तिथे मुळं खड्ड्यातल्या मातीवरच पहिली काही वर्षं काढणार आहेत. खणताना वरची फूटभर माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाका. वरची कसदार, तीच मुळांजवळ जायला हवी. खड्डा तीनेक आठवडे उन्हात तापू द्या.

मग भरा. दोन वाटे माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. वाळवीचा त्रास असेल तर पेंड जास्त. ताजं शेण घालू नका, ते कुजताना तापतं आणि वाळवीला आमंत्रण देतं. माझ्या सासऱ्यांनी प्रेमाने टोपलीभर ताजं शेण एका ताम्हणाच्या मुळाशी घातलं होतं. आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. मुरमात बाहेरून आणलेली लाल किंवा पोयट्याची माती घालावीच लागते. पूर्ण काळी माती भरू नका, मुरमाच्या कटोऱ्यात ती चिखल धरून बसते. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं वर येईल असा भरा, पहिल्या पावसात तो दबतो.

लावायचा दिवस

पहिल्या सरीवर धावू नका. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन हातभर ओल गेली की लावा. पुणे-मराठवाड्याकडे जूनअखेर ते जुलै. कोकणात धो-धो पावसात लावलेल्या रोपाची माती वाहून जाते, तिथे उघडीप बघून लावावं. संध्याकाळ उत्तम.

रोपाला आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे मातीचा गड्डा फुटत नाही. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा. पूर्ण काढा. "फाडून तशीच ठेवली तर कुजेल," असं सांगणारे भेटतात, पण प्लॅस्टिक कुजत नाही. पाच वर्षांपूर्वी लावलेल्या रोपाच्या बुडाशी मला अखंड काळी पिशवी सापडलीय, वर नर्सरीचा शिक्का वाचता येत होता. गोल फिरलेली मुळं दिसली तर गड्ड्याच्या बाजूंना दोन-तीन उभे काप द्या. जिवावर येतं, पण नवी मुळं तिथूनच बाहेर फुटतात.

रोप पिशवीत मातीत जितकं होतं तितकंच जमिनीत हवं. खोडाचा बुंधा खोल पुरला तर साल कुजते. माती पायाने धपाधप तुडवू नका, तळव्याने दाबा. वर बादलीभर पाणी, पाऊस असला तरी. त्याने मातीतल्या पोकळ्या भरून येतात.

आधाराला बांबू वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे पश्चिम-नैर्ऋत्येला रोवा आणि सुती चिंधी किंवा काथ्याने इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. तार नको, ती वर्षभरात सालीत रुतते. खोड थोडं हललं पाहिजे, हलण्यानेच ते जाड होतं. दीड-दोन वर्षांनी बांबू काढून टाका. गुरं-शेळ्या येत असतील तर काटेरी फांद्यांचा वेढा करा. लोखंडी ट्री गार्ड बसवलात तर तो वेळेत काढायचंही लक्षात ठेवा, खोडाने गिळलेले पिंजरे प्रत्येक शहरात दिसतात.

पहिले दोन उन्हाळे

रोप मरतं ते इथे. पावसाळ्यात सगळं हिरवं असतं, दिवाळीपर्यंत कुणाला काही वाटत नाही, आणि जानेवारीपासून रोपाचा विसर पडतो.

पाऊस थांबला की खोडाभोवती दीड-दोन फूट त्रिज्येचं आळं करा. खोडाशी माती जराशी उंच आणि कडेला खोल, म्हणजे पाणी खोडाला न लागता मुळांकडे जातं. ऑक्टोबर ते जानेवारी आठवड्यातून एकदा १५ ते २० लिटर. फेब्रुवारीपासून वळीव पडेपर्यंत तीन-चार दिवसांनी तेवढंच. रोज तांब्याभर घालणारे पुष्कळ असतात, त्यांचा भाव चांगला असतो, पण त्या पाण्याने वरची दोन इंच माती भिजते आणि मुळंही तिथेच वर रेंगाळतात. एकदाच भरपूर दिलं तर मुळं पाण्याच्या मागे खाली उतरतात. आमचे माळीकाका आळ्यात काडी खुपसून बघतात. "ताई, वीतभर आत ओली निघाली तर आज राहू द्या."

आळ्यात पालापाचोळा चार-सहा बोटं जाड पसरा, खोडापासून वीतभर सोडून. सोसायटीचा सफाईवाला रोज जो पाला झाडून पेटवतो, तोच. गवत, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्याही चालतात. वाळवीचा प्रदेश असेल तर पाला पातळ ठेवा आणि महिन्यातून एकदा हलवा. आच्छादन असलं की पाणी जवळजवळ निम्म्यावर येतं, हा माझा स्वतःचा बादल्यांचा हिशोब आहे.

गावाला जाणार असाल तर जुना मातीचा माठ तळाशी बारीक भोक पाडून, वात लावून, आळ्यात गळ्यापर्यंत पुरा आणि भरून ठेवा. आठवडा निघतो. दुसऱ्या वर्षी आळं रुंद करा, पाणी खोडापासून लांब द्या. तिसऱ्या उन्हाळ्यात बहावा, कांचन, पळस यांना तुमची गरज फारशी उरत नाही. ताम्हणाला आणि अशोकाला उरते.

पश्चिमेच्या उन्हाने कोवळ्या खोडाची साल तडकते. मार्चमध्ये खोडाला पातळ चुना लावला तर वाचते. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुन्याचे पट्टे दिसतात त्यात चुन्याचं काम हे, गेरू आपला शोभेला.

छाटणी

पहिली दोन वर्षं कात्री लांब ठेवा. खालच्या बारीक फांद्या खोडाला जाड करतात, त्या लगेच काढल्या तर झाड उंच, काटकुळं होऊन वाकतं. नंतर दरवर्षी खालच्या एक-दोन फांद्या काढत माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं खोड मोकळं करा. दोन शेंडे बरोबरीने वाढत असतील तर एक लहानपणीच कापा. असे जुळे शेंडे मोठेपणी मधोमध फाटतात.

जाड फांदी कापायची तर तीन कापांत. आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून थोडी, मग जरा पुढे वरून पूर्ण, आणि शेवटी उरलेलं धसकट खोडाशेजारच्या फुगीर कड्यालगत. थेट वरून कापलं तर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. झाड वरून बोडकं करू नका.

केव्हा छाटायचं ते फुलांवर ठरतं. बहाव्याचे घोस जुन्या फांद्यांवर येतात, म्हणून बहर संपल्यावर. ताम्हणाचे तुरे नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून पानगळीनंतर, जानेवारी-फेब्रुवारीत. शहरात राहत असाल तर एवढं लक्षात असू द्या, की १९७५ च्या महाराष्ट्र नागरी वृक्ष जतन कायद्यामुळे आपल्या कुंपणातलं झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. मोठी छाटणी करायची तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. झाड लावताना जागा चुकली तर तो अर्ज तुम्हालाच लिहायचाय.

किडींबद्दल थोडक्यात. बहाव्याची कोवळी पानं जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्या अळ्या फस्त करतात. त्या फिक्या पिवळट पाकोळ्यांच्या अळ्या असतात, झाड पंधरवड्यात पुन्हा पालवतं, फवारणी नको. चाफ्यावर, पारिजातकावर पिठ्या ढेकूण आला तर पाण्याचा जोरदार फवारा, मग साबणाचं किंवा निंबोळी अर्काचं पाणी. खोडावर भुशासारखा चुरा दिसला तर खोडकिडा, भोक शोधून तार घालून मारावा लागतो.

फुलत का नाही?

बियांपासूनचा बहावा पाच ते आठ वर्षं घेतो, ताम्हणही बहुतेक तेवढीच, काटेसावर जास्त. तोवर धीर धरण्याखेरीज इलाज नाही. पण वय झालं, झाड धडधाकट आहे आणि तरी फूल नाही, अशी तक्रार असेल तर मी तीन गोष्टी विचारते. ऊन किती? गेल्या वर्षी कुणी छाटलं का, आणि कधी? आणि शेवटचा प्रश्न, शेजारी लॉन आहे का?

लॉनचं कारण असं. बहावा फुलतो तो कोरडा ताण बसल्यावर. मार्चमध्ये पानं गाळतो, उघडा होतो आणि मग घोस सोडतो. लॉनला रोज पाणी आणि महिन्याला युरिया मिळत असेल तर त्यातलं बहाव्यालाही मिळतं, आणि तो ऐन चैत्रात गर्द हिरवा, पाल्याने गच्च उभा राहतो. आमच्या क्लबहाउसपुढचा नऊ वर्षांचा बहावा असाच होता. कमिटीत बरीच वादावादी झाली, "लॉन वाळलं तर लहान मुलं खेळणार कुठे" वगैरे. शेवटी त्या कोपऱ्यातले दोन स्प्रिंकलर जानेवारीत बंद करायचं ठरलं आणि खत थांबवलं. मार्चअखेर पानं पिवळी पडली तेव्हा दोघांनी मला फोन करून झाड मेल्याचं सांगितलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तीन घोस आले, तिन्ही पश्चिमेच्या फांद्यांवर. पूर्वेच्या बाजूला बी विंगची सावली पडते, तिथे या वर्षीही नुसता पालाच आहे.